मोबाइलमुळेच तो दगड नीट पाहिला

मा. संपादक,
स. न.

स्मारके पाहायला गेलेली माणसे मोबाइलमध्ये मान खुपसतात आणि तशीच परत येतात, अशी एका वाचकाची तक्रार गेल्या आठवड्यात याच सदरात वाचली. तक्रार रास्त आहे, घरी मीही ती रोज करतो. पण गेल्या जूनमध्ये मला नेमका उलटा अनुभव आला, म्हणून हे पत्र.

मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. त्याच्याकडे गेल्यावर कळले की सुनेला आणि नातीला ‘जिओकॅशिंग’चे वेड आहे. कोणीतरी कुठेतरी डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती हुडकायची, आतल्या वहीत नाव लिहायचे आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतात अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. मे 2000 च्या सुरुवातीला ते बंद झाले आणि लगेच 3 मे रोजी ओरेगॉनमधल्या एका गृहस्थाने रानात एक बादली अर्धवट पुरून तिचा ठावठिकाणा सांगून टाकला. खेळाचा जन्म तो. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही घोषणा जन्मभर स्टेशनवर ऐकलेल्या माणसाला खडकाच्या कपारीत हात घालून अनोळखी डबी बाहेर काढताना काय वाटते, ते माझे मला ठाऊक.

एका रविवारी या दोघी मला शेजारच्या वायोमिंग राज्यात घेऊन गेल्या. लॅरमी गावाच्या अलीकडे हमरस्ता सोडून कच्च्या रस्त्याने थोडे गेलो, तर उघड्या माळावर ग्रॅनाइटचा एक पिरॅमिड उभा. आसपास घर नाही, झाड नाही, बोचरा वारा तेवढा. उंची 8,247 फूट, म्हणजे कळसूबाईवर आणखी अर्धी कळसूबाई. हे एम्स स्मारक. पाया 60 फूट, उंचीही 60 फूट. अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी पहिली रेल्वे 10 मे 1869 रोजी पूर्ण झाली, तिच्यासाठी पैसा आणि पत उभी करणाऱ्या ओक्स आणि ऑलिव्हर एम्स या भावांसाठी युनियन पॅसिफिक कंपनीने 1880 ते 1882 मध्ये ते बांधले. रचना एच. एच. रिचर्डसन यांची, दोघा भावांची शिल्पे ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांची. एम्स घराण्याचा मूळ धंदा फावडी बनवण्याचा, हे वाचून मी मनातल्या मनात आमच्या रेल्वेतल्या, रूळ सांभाळणाऱ्या गँगमनना नमस्कार केला.

मी रेल्वेत, घाटसेक्शनमध्ये नोकरी केलेला माणूस. पण खरे सांगतो, एकटा असतो तर गाडीतून उतरून, एक फोटो काढून पाच मिनिटांत परत बसलो असतो. थांबलो तो खेळामुळे. तिथे शोधायला डबी नव्हतीच. खेळाच्या या प्रकारात डबीऐवजी प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर तिथल्या दगडावरच असते. प्रश्न काय होता ते लिहीत नाही, पुढच्याचा खेळ बिघडेल. त्या उत्तरापायी आम्ही पिरॅमिडला तीन प्रदक्षिणा घातल्या. पूर्वेला ओक्स, पश्चिमेला ऑलिव्हर. दोघांचीही नाके कोणा उपद्व्यापी लोकांनी उडवलेली. उत्तरेच्या अंगाला फूटभर उंचीच्या अक्षरांत दोघांची नावे. नातीने विचारले, “आजोबा, एवढी मोठी अक्षरं इकडेच का?” आणि माझी ट्यूब पेटली. रूळ त्या बाजूला होते! ही जागा म्हणजे शर्मन, या लाइनवरचे सर्वांत उंच ठिकाण. चढ संपला की गाडी इथे थांबायची, डबे तपासले जायचे, तेवढ्या वेळात उतारूंना वाचता यावे म्हणून ही अक्षरे. 1901 मध्ये कंपनीने लाइन काही मैल दक्षिणेला हलवली आणि शर्मन गाव हळूहळू उठले. स्मारक तेवढे राहिले, आता कुठेच नसलेल्या गाडीकडे तोंड करून.

ओक्स एम्स यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते स्वतः अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे सदस्य. ही रेल्वे बांधणाऱ्या क्रेडिट मोबिलियर कंपनीच्या घोटाळ्यात इतर सदस्यांना तिचे शेअर स्वस्तात दिल्याचा त्यांच्यावर ठपका आला, 1873 मध्ये सभागृहाने त्यांची निर्भर्त्सना केली आणि त्याच वर्षी ते वारले. कंपनीने एवढ्या उंचावर एवढा मोठा दगड का रचला, याचे थोडे उत्तर त्यात असावे, असे माझे आपले मत.

तेव्हा दोष मोबाइलचा नाही, त्यावर काय उघडले आहे त्याचा आहे. आपल्याकडेही हा खेळ खेळला जातो. खेळणाऱ्यांना माझी विनंती एवढीच की गडांवर आणि जुन्या वास्तूंत डब्या लपवू नका, प्रश्न ठेवा. डबीसाठी दगड हलवले जातात, प्रश्नासाठी डोळे हलवावे लागतात. रेल्वेच्या हद्दीत तर दोन्ही नकोत. विनापरवाना शिरणे हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि घाटात उतरणारी गाडी तुमच्यासाठी थांबू शकत नाही.

शर्मनसारखी जागा आपल्या बोरघाटातही आहे. 1863 मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याखाली गाडीला तोंड फिरवून पुढे जावे लागे. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1920 च्या दशकाअखेरीस लाइन बदलली तेव्हा सुटले. घाटातून हजारो लोक रोज जातात, त्यातल्या कितींना हे माहीत असेल? रुळांपासून दूर, रस्त्यालगतच्या एखाद्या सुरक्षित जागी माहितीचा एक साधा फलक लावला, तरी असा प्रश्न तयार करता येईल. फलक मात्र उत्तरेला नव्हे, लोक जिथून बघतात तिकडे तोंड करून लावावा.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, कर्जत