मार्करकाका, त्या पेन्सिलीच्या रेघेबद्दल

ती. स्व. मार्करकाकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलं तर तुम्हीच रागवाल. तसंही आपल्या स्नूकरच्या क्लबात तुम्हाला नावाने कोण हाक मारतं? स्कोअर धरणारे, टेबलाला इस्त्री करणारे, क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामड्याची टिप बसवून देणारे ते मार्करकाका, एवढी ओळख पुरते. आभार मानायचे आहेत ते पेन्सिलीच्या एका रेघेबद्दल. टिपबद्दलही आहेत, पण ते मागाहून.

‘काका, बॅक येत नाही, चांगली टिप टाकून द्या,’ असं म्हणत कुणी क्यू पुढे केला तरी तुम्ही तो लगेच हातात घेत नाही. (बॅक म्हणजे दुसऱ्या बॉलवर आपटून व्हाइटने मागे येणं.) आधी व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, उचलता. रुमालाने पुसता. शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून बॉलच्या कमरेभोवती एक रेघ ओढता आणि ती रेघ टेबलाला समांतर राहील असा बॉल ठेवून एवढंच म्हणता, ‘मारा.’ शॉट झाला की टिपला घासलेल्या चॉकचा, म्हणजे खडूचा, बॉलवर उमटलेला ठिपका शोधता. त्या दिवशी तो ठिपका रेघेच्या जेमतेम ४ मिमी खाली होता. मारणाऱ्याला, म्हणजे मलाच, मात्र शपथेवर वाटत होतं की आपण बॉलच्या पायथ्याशी मारतोय. तुम्ही हसला नाहीत, बोललाही नाहीत. बॉल फिरवून ठिपका समोर आणलात आणि हातात ठेवलात. बस्स.

त्या ४ मिमीमध्ये सगळं आलं. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमी व्यासाचा, म्हणजे मध्यापासून काठ सव्वीस मिमीवर. मध्याच्या खाली साधारण निम्म्या त्रिज्येपर्यंत, म्हणजे १३ मिमीपर्यंत, चॉक लावलेली टिप बॉलला धरून राहते. त्याखाली गेलात की सटकते, मिसक्यू होतो. ही मर्यादा स्वस्त टिपला आहे तशी महागड्या टिपलाही आहे. बॅक किती मिळणार हे ठरतं दोन गोष्टींवर: ठिपका किती खाली आणि क्यू किती वेगाने आला. ४ मिमीवर मारलेल्या बॉलला उलटा फिरका मिळतो, पण इतका थोडा की लांबच्या शॉटला कापडच तो वाटेत खाऊन टाकतं. ऑब्जेक्ट बॉलपाशी, म्हणजे ज्याच्यावर नेम धरलाय त्या बॉलपाशी, पोचेपर्यंत व्हाइट सरळ घरंगळायला लागलेला असतो. मग तो मागे कशाला येतोय? उलट पॉट झालेल्या, म्हणजे टेबलाच्या खिशात गेलेल्या, बॉलच्या मागोमाग पुढेच जातो.

हे एवढं सांगायला तुमच्याआधी कुणाला फुरसत नव्हती. एका काउंटरवर हजाराच्या वरची, थरांची, दगडासारखी कडक टिप ‘बॅकसाठी स्पेशल’ म्हणून गळ्यात मारली गेली. दुसरीकडे नेमकं उलटं ज्ञान मिळालं: जितकी मऊ तितका फिरका जास्त. आणि टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलेले सल्लागार ‘खालून मार, अजून खालून मार’ हा एकच मंत्र जपत होते. क्यू खाली का जात नाही, हे बघायला एकही खुर्चीतून उठला नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

क्यू खाली का जात नाही, ते तुम्ही दुसऱ्या शॉटला हाताला हात न लावता दाखवलंत. खाली मारायचं म्हणून मागचा हात वर उचलला जात होता, क्यू तिरका होत होता. तुम्ही टेबलावरच्या पंजाकडे बोट दाखवलंत. पंजा चपटा करा, बोटांचे सांधे खाली घ्या. क्यू जवळपास आडवाच राहील आणि टोक आपोआप खाली येईल. दुसरी खोड त्याहून लबाड. नेम धरताना टोक बरोबर खाली असतं, पण जोर लावायच्या क्षणी मूठ आवळते, कोपर पडतं, क्यूचं बूड खाली जातं आणि टोक वर उचकतं. डोळ्याला ते दिसत नाही, कारण तोवर नजर ऑब्जेक्ट बॉलवर गेलेली असते. ठिपक्याला मात्र दिसतं.

आता टिप. ती तुम्ही बदललीत, पण ‘हिच्याने बॅक येईल’ असं एकदाही म्हणाला नाहीत. टिपचं काम एकच, चॉक धरून ठेवणं आणि सटकू न देणं. कडक टिप चॉक लवकर सोडते आणि तिचं तोंड वापरून गुळगुळीत, चकचकीत होतं. मध्याजवळच्या शॉटला चालून जातं, १० मिमी खाली मारायला गेलात की घसरते. फार मऊ टिप चॉक छान धरते, पण मारलेला जोर थोडा स्वतःच पिते, आठवडाभरात अळंबीसारखी बाजूंनी फुगते आणि वर सपाट होते. म्हणून तुम्ही मधली, किंचित मऊपणाकडे झुकणारी घेतलीत. मध्याखाली मारायला अजून बिचकणाऱ्या हाताला असा भरवसा लागतो. एकदा हात बसला की थोडी कडक चालेल, हेही सांगून ठेवलंत.

पण मऊ-कडक या वादापेक्षा तुमचा सगळा जीव टिपच्या गोलाईत होता. नवं १ रुपयाचं नाणं, २० मिमीचं, टिपच्या मागे उभं धरून उजेडात बघायचं. नाण्याची आणि टिपची गोलाई जुळली की झालं. याचं कारण कागदावर काढून पाहिलं तर डोळे उघडतात. बॉल गोल आहे, त्यामुळे खाली मारताना टिपचा मधला भाग बॉलला लागतच नाही, लागते तिची वरची बाजू. १३ मिमीच्या मर्यादेवर मारलं तर, टिपची गोलाई १० मिमी त्रिज्येची असेल तेव्हा, टेकण्याची जागा टिपच्या मध्यापासून ५ मिमी वर येते. टिप १० मिमी रुंद असेल तर ती जागा म्हणजे थेट काठ! टिप त्याहून चपटी असेल तर काठ आणखी लवकर आडवा येतो आणि बऱ्यापैकी वर मारूनही मिसक्यू होतो. आणि क्यूची मधली रेषा ठिपक्यापेक्षा त्या ५ मिमीने खालीच असते. म्हणजे डोळ्याला क्यू जितका खाली दिसतो तितका तो बॉलला लागत नाही. ‘मी तर खालीच मारलं होतं’ म्हणणारे खोटं बोलत नसतात, ते असं.

चॉकही त्यामुळेच काठापर्यंत लागला पाहिजे. क्यू गरागरा फिरवून टिपच्या मध्यात खड्डा पाडणारे चॉक नेमका जिथे नको तिथे लावतात. हलक्या हाताने, ब्रश फिरवल्यासारखा, सगळ्या कडांना.

एल्क मास्टरच्या निळ्या टिप्सची पेटी तुम्ही उघडलीत तो भाग फार बघण्यासारखा होता. चामडंच ते, एका पेटीतले दोन तुकडे सारखे निघत नाहीत. तुम्ही एकेक टिप काचेवर टाकून आवाज ऐकत होता. ‘ठप’ वाजली की परत पेटीत, ‘टक’ वाजली की बाजूला. मग बाजूच्या प्रत्येकीत अंगठ्याचं नख रुतवून बघणं. बारा टाकल्या, तीन निवडल्या. नखाचा वळ उमटतो पण हळूहळू भरून येतो, ती घ्यायची. वळ तसाच राहिला तर भुसभुशीत, उमटलाच नाही तर लाकूड. काच, कान आणि नख.

बसवण्याचं फार लिहीत नाही, तुमच्यासमोर ते शोभणारही नाही. पितळी फेरूलचं, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या कडीचं, तोंड आणि टिपची पाठ दोन्ही सपाट पॉलिश पेपरवर घासलीत, उजेडात धरून फट नाही हे पाहिलंत आणि सुपर ग्लूचा एकच थेंब लावलात. जास्त लावला तर ग्लू चामड्यात मुरतो आणि मुद्दाम निवडलेली मऊ टिप खालून दगड होते. रात्रभर क्यूला हात लावू दिला नाहीत. सकाळी क्यू उलटा करून टिप फळीवर टेकवलीत, फेरूलच्या बाहेर आलेलं चामडं ब्लेडने कापलंत, कडेला थुंकी लावून कागदाच्या पाठीने चोळलंत. चोळल्याने कड घट्ट होते, लवकर फुगत नाही. त्यात पावसाळा. मुंबईच्या दमट हवेत चामडंही फुगतं आणि टेबलाचं कापडही जड होतं, फिरका लवकर मरतो; म्हणून ‘जून ते सप्टेंबर बॅकची परीक्षा घ्यायची नाही’ हे तुमचं वाक्य. ते खरं म्हणजे टेबलाला चिकटवून ठेवायला हवं.

असं म्हणतात की क्यूला चामड्याची टिप लावण्याची कल्पना मँगो नावाच्या एका फ्रेंच माणसाची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधी नुसतं लाकूड बॉलवर आपटायचं. म्हणजे सव्वादोनशे वर्षं होत आली, चामडं तेच, आणि विकणारे अजून त्यात जादू आहे म्हणून विकतात. तुमच्याही कपाटात महाग पाकिटं होती. गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं होतं. तुम्ही पेन्सिल काढलीत. हातातलं काम नीट जाणणारा आणि ते भोळ्या माणसावर न वापरणारा माणूस सुताराच्या दुकानात भेटो, दवाखान्यात भेटो, की स्कोअरबोर्डाशेजारी. तो भेटला की दिवसभर बरं वाटत राहतं, आणि थोडा रागही येतो, की बाकीच्यांना इतकं काय जड जात होतं?

रेघ अजून चालू आहे. ठिपका आता ९ ते १० मिमीवर येतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, गोल. त्याला शेपूट फुटली तर टिप सरकली असं समजायचं, हे लक्षात आहे. तीन फुटांवरचा लाल बॉल पॉट करून व्हाइट हातभर मागे येतो. १० च्या खाली जायची घाई नाही.

टिप झिजून फेरूलच्या वर २ मिमी उरली की क्यू घेऊन येणारच. तोवर त्या निवडलेल्या तीनपैकी उरलेल्या दोन तुमच्या डबीत आहेत, त्या तेवढ्या कुणाला देऊ नका.

आपला,
तीन नंबर टेबलवाला