तारखा उलटवणाऱ्या ऑनलाइन स्प्रेडशीटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सीएसव्ही फाइलमधील तारखा चुकीच्या वाचल्या जाणे व वर्गणी परत मिळणे.

महोदय,

खानापूर तालुक्यातील एका छोट्या सौहार्द पतसंस्थेचा हिशोब मी पाहतो. ब्राउझरमध्ये चालणारी स्प्रेडशीट घ्यायचे ठरले, तेव्हा सभासदांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये, शून्याने सुरू होणारे खाते क्रमांक आणि लाखांतल्या रकमा अशी एकच फाइल मी निरनिराळ्या ठिकाणी उघडून पाहिली. आपल्याकडे रकमा 12,34,567 अशा दिसल्या, दोन्ही लिप्या नीट उमटल्या. ‘सीएसव्ही चालते’ असे आपल्या जाहिरातीत ठळक लिहिलेले होतेच. वर्षाची वर्गणी आगाऊ भरली.

आमच्या कर्जखात्याचे सॉफ्टवेअर सीएसव्हीच देते, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल. त्या फाइलमध्ये तारीख म्हणजे नुसती अक्षरे. तिचा अर्थ उघडणाऱ्याने लावायचा. आपण तो अमेरिकन पद्धतीने लावता, आधी महिना, मग दिवस. 05/04/2024, म्हणजे 5 एप्रिलचे सोनेतारण, आपल्याकडे 4 मेचे झाले. 13/04 ला तेरावा महिना सापडेना, म्हणून ती तारीख मजकूर म्हणून तशीच राहिली. सगळ्याच तारखा बिघडल्या असत्या तर पहिल्याच दिवशी कळले असते. इथे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या तारखा गुपचूप उलटतात आणि दिसायला अगदी शहाण्या दिसतात! 50,000 रुपयांवर 12 टक्क्यांनी 29 दिवसांचे व्याज सुमारे 477 रुपये होते. तेवढे एकाच कर्जावर कमी लागले. खतावणीशी मेळ बसेना तेव्हा आमच्या लेखापरीक्षकांनी बोट ठेवले.

आपल्या मदत कक्षाचे उत्तर आले, ‘ब्राउझरची भाषा बदला.’ बदलली. फाइलच्या सेटिंगमध्ये देशही भारत आहे. तरी अपलोड करताना ती निवड कुणी विचारत नाही. गूगल शीट्समध्ये पडद्यावरची भाषा वेगळी आणि फाइलचा प्रदेश वेगळा ठरवता येतो. आम्हा सीमाभागातल्या लोकांना नेमके हेच लागते, कारण आमच्या कार्यालयात एकाला मेनू मराठीत हवा असतो, दुसऱ्याला कन्नडमध्ये, पण तारीख दोघांचीही एकच.

पीडीएफ काढली की ‘लक्ष्मी’ या नावातले जोडाक्षर तुटते, हेही कळवून ठेवतो. त्याचे एक वेळ चालवून घेऊ.

सीएसव्ही अपलोड करताना तारखेचा क्रम विचारणारा पर्याय द्यावा; पंधरा दिवसांत जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी संस्थेच्या खात्यावर परत करावी. तोवर आमचा विदा पुसू नये, आम्हाला तो पूर्ण उतरवून घ्यायचा आहे. मूळ सीएसव्ही आणि आपल्याकडे उघडलेली शीट, दोन्हींच्या प्रती नावे झाकून सोबत जोडल्या आहेत.

आपला,
हिशोबनीस,
खानापूर, जि. बेळगाव