डिकीतल्या चिकटपट्टीबद्दल आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, नाहीतर दुकानासमोर गाड्यांची रांग लागते आणि मग कामात घाई होते, असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून नाव लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार.

गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारी पेटी, आणि वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, जोडणं हे आपल्याकडे सीटकव्हर चढवण्याइतकं किरकोळ काम समजतात. आधीच्या दुकानानेही तसंच समजून केलं होतं, पैसे तेवढे मोजून घेतले. तुम्ही डिकी उघडलीत, थोडा वेळ नुसतं पाहिलंत आणि त्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द न काढता मल्टीमीटर हातात घेतलात. माझं मन एवढं मोठं नाही, तेव्हा त्याने काय करून ठेवलं होतं ते सांगूनच टाकतो.

मुख्य फ्यूज 100 ॲम्पिअरचा, आणि तोही डिकीत, ॲम्पच्या शेजारी. म्हणजे बॅटरीपासून मागपर्यंतची पाच मीटर वायर रामभरोसे. हा फ्यूज ॲम्प वाचवायला नसतोच, वायर वाचवायला असतो. वायर मध्येच पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. तापून पेट घेते ती वायर. आणि इथे ती घासणारच होती, कारण बॉनेटमागच्या पत्र्याच्या भोकातून रबरी ग्रोमेट न लावताच ओढली होती. वायरवर जाडी छापलेली 4 गेज. टोक सोललं तर जाड वेष्टनात बारीकशी तार, तीही तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध दीडपटीहून जास्त.

अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टवर, रंग न खरवडता. म्हणून इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी, आणि ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूरही वर. शिवाय अपघातात जीव वाचवणारा तो बोल्ट, त्याला हात लावायचाच कशाला? ॲम्प चालू-बंद करणारी रिमोटची निळी वायर कायम चालू असलेल्या 12 व्होल्टला जोडलेली. ॲम्प रात्रभर जागा, सकाळी बॅटरी आडवी.

कळस वूफरचा. 10 इंची दोन, प्रत्येकी 4 ओहमचे, सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडलेले. म्हणजे रोध 8 ओहम, आणि रोध वाढला की ॲम्पची ताकद घटते. जो मोनो ॲम्प 2 ओहमला 400 वॉट देतो तो 8 ओहमला शंभरएक वॉटच्या पुढे जाणार नाही. बास कमी पडतोय म्हटल्यावर गेन फुल, बास बूस्ट फुल. वर एका वूफरचं प्लस-मायनस उलटं: एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि दोघे एकमेकांचा बास खातात. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, ‘कंपनीच्या सिस्टिमवर एवढंच वाजणार साहेब.’

तुम्ही खिशातून साधा पेन्सिल सेल काढलात आणि त्याची दोन टोकं वूफरच्या वायरींना क्षणभर टेकवलीत. पहिला कोन टक् करून बाहेर आला, दुसरा आत गेला. दीड व्होल्टच्या सेलने अख्खं निदान. दोन्ही सुलट करून पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडलेत, 2 ओहम झाले. वायर शुद्ध तांब्याची, फ्यूज बॅटरीपासून फूटभरावर, अर्थिंगसाठी डिकीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, बोल्टखाली, वायरची लांबी दीड फुटाच्या आत. रिमोट किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर. शिट्टी गेली. बाकीच्या कामाची उजळणी करत बसत नाही, ते कुठलाही चांगला वायरमन करील. करायला हवं, एवढंच म्हणतो.

हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ती गोष्ट पुढची आहे. सगळं वाजून-तपासून झाल्यावर तुम्ही कागदी चिकटपट्टी घेतलीत, बारीक मार्करने चार ओळी लिहिल्यात आणि पट्टी ॲम्पशेजारी आतल्या पॅनेलवर लावलीत:

‘फ्यूज 40. वायर 4 गेज तांबं. लोड 2 ओहम.
सिग्नल मागच्या दोन स्पीकरवरून, जोड सोल्डर केलेत.
स्पीकरचं मायनस बॉडीला लावू नये.
लो पास 80. बूस्ट 0. गेन 28.3 व्होल्ट, स्टिरिओ 30 वर.’

कशासाठी, असं विचारलं तर म्हणालात, ‘पुढच्या माणसाला पुन्हा सगळं उसवायला नको.’ पुढचा माणूस म्हणजे कोण? कदाचित तुमचाच स्पर्धक. तिसरी ओळ तर सरळ त्याच्याचसाठी आहे. कंपनीच्या स्टिरिओतल्या ॲम्पच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, त्यातली एकही अर्थ नसते. सवयीने मायनस बॉडीला टेकवलं तर स्टिरिओच्या आतली आयसी, म्हणजे चिप, जाऊ शकते. म्हणजे ज्याला कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हातून होऊ शकणारी चूक तुम्ही आधीच अडवून ठेवलीत.

लो पास 80 म्हणजे साधारण 80 हर्ट्झखालचाच जाडा आवाज वूफरला. आणि ते 28.3. गेन म्हणजे आवाजाचं बटण असा समज भल्याभल्यांचा आहे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ घालणं एवढंच त्याचं काम. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: 400 गुणिले 2 म्हणजे 800, वर्गमूळ 28.3. वूफर सोडवून ठेवायचे, पेनड्राइव्हवरून 50 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर लावायचा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून आकडा येईपर्यंत गेन वाढवायचा आणि तिथेच थांबायचं. त्यापुढे लाटेचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, कॉइल तापून जळते. स्टिरिओचा आवाज 40 पैकी 30 वरच का, तेही दाखवलंत. 31, 32 केलं तरी मीटरवरचा आकडा वाढेना. आपले छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीचे काही स्टिरिओ मोठ्या आवाजाला बास आपणच दाबतात. तीसच्या पुढे कान दुखतील, बास वाढणार नाही.

आता रस्त्यात ढोल-ताशा वाजला की ताशा आणि ढोल वेगवेगळे कळतात, तसं गाडीत कळतं. भल्या मोठ्या धडधडीचा मला सोस नव्हताच. आणि शेजाऱ्यांच्या खिडक्याही शाबूत आहेत.

कसब असलेली माणसं बाजारात पुष्कळ आहेत. पण आपलं काम उघडं करून, आकड्यांसकट, दुसऱ्याच्या हाती देणारी कमी. हातचं राखून ठेवलं तर गिऱ्हाईक परत येतं हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. तुम्हालाही असणारच, तुम्ही तो मांडला नाहीत. आधीच्या ज्या दुकानाने बिल दिलं नाही, फोन उचलला नाही, त्याच्यावर आता राग धरावासाही वाटत नाही. म्हणजे थोडा वाटतो, खोटं कशाला बोलू.

नंबरप्लेट अजून खडखडते. तिच्यामागे फोमची पट्टी आणि डिकीच्या झाकणाला आतून थरथर दाबणारं ब्युटाइल शीट लावायचं राहिलंय. फ्यूज होल्डरचे स्क्रू काही दिवसांनी पुन्हा आवळायला सांगितले होतेत, तेही त्याच वेळी करू. रांग कमी असेल तो दिवस कळवा, गाडी सकाळीच आणून लावतो. आणि चिकटपट्टीचे पैसे लावले नव्हतेत, ते या वेळी बिलात धरा.

तुमचा आभारी,
एक गिऱ्हाईक