गच्ची तेवढी एकच ठेवा

बर्लिन,
१० जानेवारी

तीर्थस्वरूप काका आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

तिकडं सोलापुरात सिद्धेश्वराच्या जत्रेची, गड्ड्याची गडबड असताना पत्र पाठवतोय. दादाचा परवा फोन आला होता. घर पाडून नवीन बांधायचं नक्की होतंय, हे ऐकून बरं वाटलं. पण नकाशात दोन वेगळे जिने आहेत आणि गच्चीच्या मधोमध भिंत येणार आहे म्हणाला. तेव्हापासून मन लागत नाही. फोनवर मला नीट मांडता येणार नाही, म्हणून लिहितो. आप्पांनाही वाचून दाखवा.

काका, तुमची आणि आप्पांची, दोघा भावांची, वाटणी झाली तेव्हा मी लहान होतो, पण सगळं आठवतं. माग वाटले, कारखान्यातलं सूत वाटलं, लाइटचे मीटर दोन झाले, मधलं दार विटांनी बुजवलं. गच्ची मात्र वाटणीत कुणी मागितली नाही. जिना तुमच्या बाजूला गेला होता. तुम्ही मनात आणलं असतं तर आम्हाला वर जाणं बंद झालं असतं. काकूंनी जिन्याकडच्या दाराला दिवसा कधी कडी घातली नाही. आम्ही भावंडं त्यांच्या चुलीपुढून धावत जायचो आणि काकू कडक भाकरीवर शेंगाचटणी घालून हातात द्यायच्या. खाल्ल्याशिवाय वर सोडायच्या नाहीत. त्या काळात दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, हे आता कळतं आणि काकूंबद्दल फार वाटतं.

भोगीला सम्मती कट्ट्यावरचा सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा झाला की तुम्ही घरी येऊन बाराबंदी उतरवायचात आणि मांज्याच्या तयारीला लागायचात. मागावरच्या ताण्याच्या सुताला खळ द्यायची सवय असलेला तुमचा हात. भाताची खळ बोटांत धरून बघायचात, तार तुटली तर आणखी शिजवायचात. गच्चीवरच्या दोन खांबांना दोरा गुंडाळून चिंधीनं खळ फिरवायचात, एकाच दिशेनं, मध्ये न थांबता. काचेची पूड तुम्ही स्वतः घालायचात, आम्हा पोरांना जवळ येऊ द्यायचा नाहीत. मग कन्नी. वरचा आणि खालचा दोरा एकत्र ताणून कमानीच्या टोकाला लावून बघायचा, दोन्ही सारखे भरले तरच गाठ. पतंग एका अंगाला झुकला तर दुसऱ्या अंगाला कागदाची बारीक पट्टी. मला आजही डोळे मिटून कन्नी बांधता येते.

आणि फिरकी आप्पांकडे. तुम्ही दोघं लहान असल्यापासून तुम्ही उडवणार आणि ते फिरकी धरणार, असंच चालत आलेलं. वाटणीनंतरच्या पहिल्या संक्रांतीला आप्पा वर येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. ते आले, कठड्यापाशी उभे राहिले. तुमचा पतंग पेचात अडकला, फिरकी दादाच्या हातात होती, त्याला जमेना. तुम्ही मागं न बघता ओरडलात, "ढील सोड की बे!" आप्पांनी दादाच्या हातून फिरकी घेतली आणि ढील दिली. पुढचा सगळा दिवस तुम्ही दोघं "खेच", "सोड", "गुंडाळ" एवढंच बोललात. त्या संध्याकाळी काकूंनी तिळगुळाची वाटी आमच्या घरी पाठवली, आणि आईनं ती रिकामी परत केली नाही.

इथं टेम्पलहोफचं जुनं विमानतळ आहे. २००८ मध्ये विमानं बंद झाली, २०१० पासून ते लोकांना फिरायला खुलं आहे. धावपट्टीवर वारा अडवायला काहीच नाही, त्यामुळं पतंग लगेच चढतो. शंभर मीटरपेक्षा जास्त दोरा सोडायचा तर परवानगी लागते. शरदात आईबाप पोरांना घेऊन येतात, छान वाटतं बघायला. पण काटाकाटी नाही, आणि जो तो आपापला दोरा आपणच धरतो. फिरकीला माणूस लागत नाही. तिथं उभा असताना मला आप्पा आठवतात, तुम्ही आठवता.

आप्पांच्या ऑपरेशनच्या वेळी मी इथं होतो. दादा दवाखान्यात रात्रभर बाकावर बसून राहिला, आक्का डबा घेऊन दोन्ही वेळा जात होती. मी आभार मानले तर दादा रागावला. आम्ही चुलत आहोत हे लोकांनी विचारल्यावर सांगावं लागतं, एरवी आमच्या ध्यानात नसतं. काका, हे तुमच्या आणि काकूंच्या मोठ्या मनामुळं झालं. इतक्या वर्षांत हे तुम्हाला कधी बोललो नाही. मी तुमचा ऋणी आहे.

म्हणून एकच विनंती. खाली खोल्या हव्या तशा वाटा. माझ्या वाट्याला एखादी खोली कमी आली तरी चालेल, मी तसं लिहून देतो. जिना एकच काढा, आणि गच्चीवर मधे भिंत नको. बाहेरून कठडा मात्र उंच करा, दादाची पोरं आता पळायला लागली आहेत. त्यांना नायलॉनचा मांजा आणू देऊ नका. हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी चोरून मिळतो म्हणतात. पाखरं मरतात, दुचाकीवाल्यांचे गळे कापतात. आपला सुती दोरा बरा.

इंजिनिअरकडून नकाशा बदलून घ्यायला जास्त पैसे लागले तर दादाला मला सांगायला सांगा, मी लगेच पाठवतो. आप्पांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, तेही कळवा. काकू, तुमचे गुडघे कसे आहेत?

तुमचा पुतण्या