वडांना वळसा घाला

‘रस्ता रुंदीकरणात बाजारतळाजवळचे वड तुटणार’ ही बातमी (ता. १२) वाचून फार वाईट वाटले. रस्ता हवाच, त्याला कोणाचाच विरोध नाही. पण २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत बदल झाला होता. मग आपल्या छोट्या रस्त्याला काय अडचण आहे? बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटाखाली झाकून बायका याच सावलीत दुपारपर्यंत बसतात. लाल फळे पिकली की तांबट, हरियाल, वटवाघळे तिथेच उतरतात. बदली रोपे लावू म्हणतात, पण पारंब्या जमिनीत रुजायला कित्येक वर्षे जातात. कुऱ्हाड लावण्याआधी ग्रामसभा घ्यावी आणि नकाशा सर्वांसमोर मांडावा.

– एक वाचक