क्युसेक राहू द्या, फूट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज धरणांचा तक्ता येतो. कोयना, वारणा, राधानगरी, अलमट्टी. साठा टीएमसीत (अब्ज घनफूट), विसर्ग म्हणजे सोडलेले पाणी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि खाली नवजा, महाबळेश्वरचा पाऊस. आमच्या घरी चहाच्या आधी तो वाचला जातो. माझी सगळी नोकरी सरितामापन केंद्रावर गेली. पट्टीवरची पातळी बघायची, वहीत उतरवायची, वर कळवायची. त्यामुळे आकड्यांवर माझा जरा जास्तच जीव आहे. तरी या तक्त्याबद्दल एक तक्रार आहे. त्यात काल काय झाले ते असते, उद्या काय होणार ते नसते.

ऑगस्ट २०१९ मध्ये गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसर्ग वाढवल्याचा निरोप आला. पुतण्या फोन हातात घेऊनच आला. म्हणाला, "काका, तुम्ही नदी मोजत होता न्हवं? मग आपल्या गोठ्यात किती येतंय तेवढं सांगा की." मला सांगता येईना. क्युसेकचे टीएमसी मी झोपेतही करीन. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी. लाखभर वाहिले तर दिवसाला साडेआठहून अधिक. पण ते पाणी गोठ्यात किती फूट चढेल, हे गणित तोंडी होत नाही. मध्ये कराडला कोयना कृष्णेला मिळते, धरणाखालच्या उघड्या मुलखातला पाऊस आणि ओढे वेगळेच, हरिपूरला वारणा येते, नृसिंहवाडीला पंचगंगा येते, आणि खाली पाणी तुंबले की फुगवटा मागे चढतो. मग सगळ्या गावाने जे केले तेच आम्ही केले. भिंतीवरची २००५ ची खूण बघितली. तेव्हा इथवर आले नव्हते, आता कशाला येतेय? पण २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. तिथली धोका पातळी पंचेचाळीस फूट आहे. आमची जनावरे एक रात्र उशिरा हलली.

हे गणित करणारी संगणक प्रणाली आपल्याकडे नाही, असे नाही, म्हणून हे पत्र. हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, जागतिक बँकेच्या कर्जातून, जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी अशी प्रणाली उभी केली. डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेचे 'माईक' हे सॉफ्टवेअर तिच्या मुळाशी आहे. नाव परदेशी असले तरी आत चालते ते आमच्याच वहीतले काम. पाऊस पडला की आधी जमीन किती भिजलेली आहे याचा हिशेब होतो. जूनचा पाऊस बराचसा मुरतो, तोच पाऊस ऑगस्टमध्ये जवळजवळ सगळा वाहून येतो. मग ते पाणी नदीच्या आडव्या छेदांतून, म्हणजे ठिकठिकाणच्या पात्राच्या रुंदी-खोलीच्या मापांतून, पुढे सरकवले जाते, कुठे पूल आडवा, कुठे पात्र अरुंद, कुठे संगम. शेवटी धरण येते. आज तीस हजार क्युसेक सोडले तर काय आणि आज थांबून परवा साठ हजार सोडले तर काय, हे दोन्ही दरवाजाला हात न लावता करून बघता येते. नदीवर असा प्रयोग करता येत नाही. तिथे एकदाच होते.

धरणात जागा का ठेवली नाही, हा प्रश्न दर पुरानंतर सभेत विचारला जातो, आणि सभेत त्याचे उत्तर फार सोपे वाटते. कोयना १०५ टीएमसीची. जुलैत वीस टीएमसी रिकामे ठेवले आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तर? २०२३ ला पाऊस ओढला तेव्हा सांगलीत कृष्णेचे पात्र उघडे पडले होते आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून आपणच ओरडत होतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना याच नदीवर चालतात. पूर आणि टंचाई ही एकाच साठ्यावरची दोन गिऱ्हाइके आहेत. दोघांचा हिशेब एका कागदावर मांडायला असली प्रणाली लागते. अंदाजपंचे दाहोदरसे करून चालत नाही.

पण तिचे उत्तर अधिकाऱ्याच्या पडद्यावर येते आणि तिथून आमच्यापर्यंत येताना त्याचे पुन्हा क्युसेक होतात. नृसिंहवाडीच्या माणसाला क्युसेकशी देणेघेणे नाही. पाणी देवळात शिरून दक्षिणद्वार सोहळा कधी होणार, हे त्याला कळते. भिलवडीच्या व्यापाऱ्याला दुकानाची कितवी पायरी, एवढेच हवे. आमच्या पुतण्याला गोठा.

वर्तमानपत्रात अंदाज दिला आणि चुकला तर लोक अंगावर येतील, असे एक साहेब मला एकदा म्हणाले होते. भीती खोटी नाही. पावसाचाच अंदाज चुकला तर पुढचे सगळे चुकते, आणि घाटमाथ्यावर दोन दऱ्यांमध्ये पाऊस निम्म्याने बदलतो. पण एकच आकडा द्या असे कुणी म्हटले आहे? 'उद्या सकाळी सहाला आयर्विनजवळ ४३ ते ४६ फूट' असे सांगा. काल किती होते आणि आदल्या दिवशी किती सांगितले होते, तेही शेजारी लिहा. चार महिने तसे लिहिले की प्रणाली कुठे कमी पडते ते आपोआप दिसेल, बहुतेक जिथे पर्जन्यमापक बंद आहे तिथेच. आम्ही पट्टी चुकीची वाचली की साहेब वहीत लाल शाईने खूण करत. लाज वाटायची, पण दुसऱ्या दिवशी वाचन नीट व्हायचे.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीच्या वादालाही हेच लागू आहे. पाणी ५१९.६० मीटरला अडवले तर आणि ५२४.२५६ ला अडवले तर फुगवटा कुठवर येतो, हा मुळात असाच प्रयोग आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. सांगलीत कित्येकांना ते अजून पटलेले नाही. मलाही अर्धेच पटते. न पटण्याचे कारण असे की हिशेबात नदीचे छेद कोणत्या वर्षीचे घेतले, अलमट्टीच्या वरच्या अंगाला असलेल्या हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे किती उघडे धरले, हे सामान्य माणसाला बघायला मिळत नाही. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांचे हेक-रास हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट मिळते. छेद आणि विसर्गाचे आकडे खुले केले तर इथल्या वालचंद कॉलेजातली पोरेसुद्धा तो हिशेब करून बघतील. मग भांडण झाले तरी आकड्यांवर होईल.

आपल्याकडे मागणे एवढेच. जलसंपदा विभागाकडून हा अंदाज रोज मागून घ्या आणि धरणांच्या तक्त्याखाली एक चौकट टाका: कराड, भिलवडी, आयर्विन, अंकली, राजाराम बंधारा, नृसिंहवाडी, उद्याची अपेक्षित पातळी फुटांत, खाली कालचा अंदाज आणि कालचे प्रत्यक्ष. दोन रकाने पुरतील. विभागाने दिला नाही, तर रकाने कोरे सोडून छापा.

आपला,
एक निवृत्त गेज वाचक
ता. पलूस, जि. सांगली