वाडा, आमराई आणि तलाव राखल्याबद्दल आमच्या ग्रामपंचायतीस आभारपत्र

सन्माननीय सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी या गावची लेक, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मालगुजारांचा वाडा, त्यामागची आमराई आणि आमराईला लागून असलेला तलाव यांच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीने सलग दोन वर्षे आराखड्यात निधी ठेवला आणि तो त्याच कामावर खर्च केला, याबद्दल आपले मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ग्रामसभेत उभे राहून चार शब्द बोलता आले असते. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यात असे कितीतरी वाडे पडायला आले आहेत आणि त्या गावांतील लोकांनाही हे काम कसे झाले ते कळावे, म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या माणसाला मालगुजारी समजावून सांगावी लागत नाही, पण नव्या मुलांसाठी थोडे लिहिते. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणारे जमीनदार. आपल्या भागातले बहुतेक जुने तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधत आणले, आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात ते गावाच्या शेतीचा आधार झाले. धानाच्या बांध्यांना म्हणजे खाचरांना पाणी, गुरांना पाणी, मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मासोळी आणि शिंगाडा, हे सगळे तलावाच्या एकाच पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, आश्रयाने चालत असे. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. वाडा मात्र मालगुजारांच्या घराण्याकडे राहिला. कायदा योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात कधीही शंका नव्हती. पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारी, सांडवा साफ करणारी जी व्यवस्था होती तिची जागा दुसऱ्या कोणी घेतली नाही, आणि पूर्व विदर्भातले ६,००० हून अधिक माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतो, हळूहळू गाळाने भरत गेले. आपला तलावही त्यांतलाच एक. माझ्या लहानपणी जिथे म्हशी पोहत, तिथे पुढे बेशरमाच्या झुडपांचे रान माजलेले सर्वांनी पाहिले आहे.

मालगुजारांच्या वारसांनी वाडा आणि आमराई बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीला दिली, तेव्हा पडक्या वास्तूवर पैसा घालण्यापेक्षा नाल्या आणि रस्ते करावेत असे म्हणणारे अनेक जण होते. मीही त्यांच्यापैकीच होते, हे येथे नमूद करते. आपण रागावला नाहीत. नाल्यांसाठी किती, रस्त्यांसाठी किती, आणि वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून व घरपट्टी-बाजारवसुलीच्या स्वनिधीतून वाड्यासाठी किती, हा हिशोब आपण कार्यालयाच्या फलकावर लावला आणि तो कामे संपेपर्यंत तिथेच ठेवला. तो फलक वाचूनच माझे मत बदलले.

परंतु माझे खरे आभार आहेत ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी. त्या दिवशी वाचून दाखवलेल्या अंदाजपत्रकात भिंतींना सिमेंटचा गिलावा, आमराईत पेव्हर ब्लॉक, प्रत्येक आंब्याभोवती काँक्रीटचा ओटा आणि दारात रंगीत कारंजे होते. आपल्या गावचे वयोवृद्ध गवंडी मागच्या रांगेतून उठून म्हणाले की या भिंतीला सिमेंट लावाल तर ती दहा वर्षांत जाईल. एरवी अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला खाली बसवतात. सरपंचताईंनी सभा तशीच उठवून सगळ्यांना वाड्यावर नेले. मागच्या भिंतीवर पूर्वी कधीतरी सिमेंटचे ठिगळ मारलेले होते. गवंडीबुवांनी तिथे थापीच्या मुठीने ठोकले, तर आवाज पोकळ आला. मग थापीची धार कडेला घालून त्यांनी हलकेच उचकटले आणि पापुद्रा पापडासारखा अख्खा निघाला. पावसाळा संपून तीन महिने होऊन गेले होते, तरी आतली वीट ओली होती, आणि बोटाने खरवडली तर तिचे पीठ होत होते. शेजारचा जुना चुन्याचा गिलावा काळवंडलेला होता, पण त्यामागची वीट खडखडीत कोरडी निघाली. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते आणि सिमेंट तिला आत कोंडून ठेवते, एवढेच बुवांनी सांगितले. अंदाजपत्रक परत पाठवून नवे करून घेण्याचा ठराव त्याच सभेत झाला. तयार कागद मागे घेण्यासाठी किती पत्रव्यवहार करावा लागतो याची मला नोकरीमुळे चांगली कल्पना आहे, आणि आपण तो केलात.

त्यानंतरचे चुन्याचे काम मी जवळजवळ रोज पाहायला जात होते. कळीचा चुना खड्ड्यात टाकून त्यावर पाणी सोडले तेव्हा तो रटरटून उकळला, आणि मग महिनाभर पाण्याखाली मुरत ठेवला. त्यात रेती आणि विटांची सुरखी म्हणजे भुकटी घालून बैलजोडीच्या घाणीत तो मळला जात असे. गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर शेवटी पडे. चाक फिरताना आधी रेतीचा कर्रकर्र आवाज येई आणि तो थांबून मिश्रण लोण्यासारखे घरंगळू लागले की बुवा हात वर करत. गिलावा दिल्यावर भिंतींवर ओली पोती टांगली होती, कारण चुना हवेतून सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. आपण कंत्राटाची मुदत त्या हिशोबाने धरली आणि गावातल्या सहा तरुण मुलांना बुवांच्या हाताखाली मजुरीवर ठेवले. ती मुले आता घाणी स्वतः चालवू शकतात. छपराची कौले, म्हणजे कवेलू, बदलताना जुने चांगले कवेलू वेगळे काढून दर्शनी बाजूलाच परत बसवले, हेही माझ्या नजरेतून सुटलेले नाही.

आमराईत आपण जवळपास काहीच बांधले नाही, आणि हेच तिथले सर्वांत चांगले काम आहे असे मला वाटते. शेप्या नावाच्या आंब्याभोवती पूर्वी बांधलेला ओटा फोडला, मुळांवरची दाबलेली माती मोकळी केली, मुरुमाची एक पायवाट काढली आणि बसायला वाड्यातलेच जुने दगड मांडले. शेंड्याकडून वाळत आलेल्या त्या शेप्याला यंदा चैत्रात तांबूस पालवी फुटली आहे. मेलेल्या झाडांच्या जागी नर्सरीतली कलमे न आणता गोटी, खोबरी आणि शेंदरी या आपल्याच झाडांच्या कोयांपासून केलेली रोपे लावली, ही सूचना महिला बचतगटाची होती आणि ती आपण मानली.

तलाव जिल्हा परिषदेच्या ताब्यात असल्यामुळे परवानगीसाठी आपल्याला भंडाऱ्याच्या खेपा कराव्या लागल्या. बेशरम मुळासकट उपटले गेले, गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरने बांध्यांत नेऊन टाकला, सांडवा आणि पाणी सोडण्याचा दरवाजा नीट झाला. काठ मात्र दगडाने बांधून काढला नाही, उथळ आणि मातीचाच ठेवला, कारण मासोळी अंडी घालायला तिथे येते, असे ढिवर मंडळींनी आपल्याला सांगितले होते. यंदाच्या धानाच्या रोवणीला शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचले.

एक गोष्ट घरची सांगते. माझे आजोबा या वाड्यावर सालदार होते. त्यांना आणि आजीला वाड्यात जाण्याचा रस्ता मागच्या अंगणातून होता, आणि वर्षाचे धान ओटीच्या पायरीखाली उभे राहून मोजून घ्यावे लागे. आजीने मला ती पायरी लांबून दाखवली होती. गेल्या महिन्यात वाचनालयाचे उद्घाटन झाले तेव्हा मी माझ्या नातीचा हात धरून मोठ्या दरवाजातून आत गेले आणि त्या ओटीवर बसले. तिथे आता वर्तमानपत्रे असतात, संध्याकाळी मुले अभ्यासाला येतात, आणि कोणत्याही दाराशी कोणालाही कोणी अडवत नाही. आपण भिंती जशाच्या तशा ठेवल्या म्हणूनच ती पायरीही जागेवर आहे, आणि नातीला मी ती हाताने दाखवू शकले.

आजोबांना धान मोजून मिळे ती लाकडी पायली आमच्या घरी आहे. तिच्या काठावरची लोखंडी पट्टी एका बाजूने सैल झाली आहे, बाकी ती शाबूत आहे. वाड्यातील वस्तूंच्या खोलीत ती ठेवावी अशी माझी आणि माझ्या भावांची इच्छा आहे. सोमवारी कार्यालयात घेऊन येते. नोंदवहीत आजोबांच्या नावाने तिची नोंद करून घ्यावी, ही विनंती.

आपली नम्र,
गावातील एक निवृत्त शिक्षिका